गाठीची वायर

"आता हा ऐका," दुकानदार म्हणाला आणि माझ्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

स्पीकर ऐकताना तो डोळे मिटतो. घरात मी काही सांगत असते तेव्हा मात्र ते उघडे असतात आणि कान बंद. मी दाराजवळच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसले होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सव्वा तास झाला होता. या दुकानातला हा आमचा चौथा शनिवार आणि काउंटरवर मांडलेली ही तिसरी जोडी.

नवऱ्याने गिटारवर तोच एक सूर पाच वेळा छेडला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"काय वाटतं?"

"छान आहे."

"मागच्या दोन्ही वेळी तू छानच म्हणालीस."

"कारण तेही छानच होते."

त्याने मान हलवली आणि खिशातली वही काढली. त्या वहीत प्रत्येक स्पीकरचं एक पान होतं. चुंबकाचं वजन, कागदाची जाडी, किती वॅटचा, किती ओहमचा, आणि शेवटी 'शेरा'. पहिल्या जोडीपुढे शेरा होता, 'आवाजाचं पोट सुटलंय.' दुसरीपुढे, 'सर्दी झाल्यासारखा.' आता तो तिसरा शेरा शोधत छताकडे बघत उभा राहिला.

"साहेब," दुकानदार शेवटी न राहवून म्हणाला, "तुम्ही स्पीकर घेताय की सून बघताय?"

मला हसू आलं. नवऱ्याला आलं नाही. शेवटी तीही जोडी, पसंत पडली नाही तर परत करायच्या बोलीवर, दुकानातल्या मेकॅनिकने आमच्या खोक्यात बसवून दिली आणि आम्ही घरी आलो. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. मी बरंच बोलले.

मुळात गोष्ट साधी होती. माझा नवरा वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दिवसभर लोकांचे काटे तपासतो आणि सुटीच्या दिवशी मित्रांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. गिटारचा आवाज ज्यातून बाहेर पडतो तो अ‍ॅम्प म्हणजे एक काळा लाकडी खोका. त्यात बारा इंची दोन स्पीकर शेजारी शेजारी बसवलेले. हा खोका माझ्या दादाने, माझ्या थोरल्या भावाने, सव्वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बनवलेला. दोन महिन्यांपूर्वी त्यातल्या एका स्पीकरचा कागद फाटला आणि दुसऱ्याची कड बोट लावताच भुसभुशीत होऊन गळायला लागली. सव्वीस वर्षं नोकरी केली बिचाऱ्यांनी, माझी काही तक्रार नव्हती. नवी जोडी आणायची, बसवायची, विषय संपला. पण आमच्याकडे कुठलंही काम सरळ पार पडलं तर शपथ.

पहिली जोडी बसवून खोका घरी आणला तेव्हा मला तर आवाज आवडला होता. चांगला भरदार, खोल. रॅकमधली ताटं किणकिणली. नवऱ्याचा चेहरा मात्र पडला. "हा माझा आवाज नाही," म्हणाला.

मी विचारलं, मग कुणाचा आहे, शेजाऱ्यांचा? त्यावर तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

पण बँडमध्ये गेल्यावर कळलं, तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. त्यांची तालीम ड्रमवाल्याच्या गॅरेजमध्ये चालते. मोटार बाहेर काढायची, जुने टायर कोपऱ्यात सरकवायचे आणि आत वाजवत बसायचं. नव्या स्पीकरांवर नवऱ्याने पहिलं गाणं सुरू केलं आणि दोन मिनिटांत गाणारीने हात वर केला. ती दातांची डॉक्टर आहे, सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. ती म्हणाली की गिटार तिच्या आवाजावर चढून बसतेय. बास वाजवणारा म्हणाला की त्याला स्वतःचाच बास ऐकू येत नाही. त्याला सगळे 'नवा' म्हणतात. आधी बास दादा वाजवायचा, तो गेला त्यानंतर हा आला. दोन वर्षं झाली तरी तो नवाच आहे.

नवऱ्याने आवाज कमी केला तर गिटार नाहीशी झाली. वाढवला तर परत सगळ्यांवर चढून बसली. जाड आवाजाचं बटण त्याने पार शून्यावर नेलं, तरी घोडं तिथेच पेंड खात होतं. दुसऱ्या जोडीलाही तेच. तिसरी जोडी बसवलेल्या रविवारीही तेच. तालमीला मी सोबत जायचे, कारण माझे कान त्याला प्रमाण वाटतात. त्या कानांची किंमत मी गॅरेजमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मोजली आहे. चार तास एकच गाणं, तेही पहिल्या दोन ओळींचं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्याला नाही, मला.

"वहिनी, राग मानू नका," ती म्हणाली. "येत्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. माझ्या ओळखीचा एक जण कीबोर्ड चांगला वाजवतो. या वेळेपुरती तुमच्या यांना विश्रांती देऊ या का?"

मी चोवीस वर्षं शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत सहायक आहे. विश्रांती हा शब्द मी ओळखते. आमच्या जुन्या शिपायांनाही एकदा विश्रांती दिली होती, ते परत आले नाहीत. मी तिला म्हटलं, शनिवारच्या तालमीपर्यंत थांबा. ती चांगली बाई आहे. हो म्हणाली.

नवऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं, पण त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बुधवारी संध्याकाळी तो वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. एकाच टॉवेलची घडी त्याने तीनदा घातली, तीनदा मोडली.

"मी म्हणतोय, आता पुरे," तो म्हणाला. "चोपन्न वर्षांचा झालो. खोका देऊन टाकू कुणाला तरी."

आता खरं तर मी आनंदाने उडी मारायला हवी होती. हा खोका सव्वीस वर्षं आमच्या बाहेरच्या खोलीत कपाटाची जागा अडवून बसलाय. त्याच्यावर फुलदाणी ठेवायची नाही, त्याला पाणी लागू द्यायचं नाही, पाहुण्यांची मुलं आली तर आधी त्याला झाकायचं. माझ्या डोक्यावर इतकी वर्षं त्याने मिरे वाटले. आणि तो जाणार म्हटल्यावर मलाच राग आला. इतका राग आला की मी त्या माणसाच्या हातातून टॉवेल ओढून घेतला आणि चौथ्यांदा घडी घातली.

गुरुवारी मला सुटी होती. परीक्षा संपल्या होत्या, प्रयोगशाळेच्या काचा पुसून झाल्या होत्या. मी घर आवरायला काढलं आणि गॅलरीत पायाच्या अंगठ्याला काहीतरी कचकन लागलं. जुने स्पीकर. मेकॅनिकने ते त्यांच्या वायरींसकट खोक्यातून उपसून काढले होते आणि आत स्वतःच्या नव्या वायरी टाकल्या होत्या. नवरा ते धूड घरी घेऊन आला होता, कारण आमच्या घरातून कुठलीही वस्तू मेल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि मेल्यावर तर अजिबातच नाही.

मी ठरवलं, आज हे भंगारात. पण संध्याकाळी तो म्हणणार, चालू होते गं, कशाला टाकलेस. म्हणून आधी खात्री करावी म्हटलं. घड्याळातला पेन्सिल सेल काढला. शाळेत आम्ही हे मुलांना दाखवतो. स्पीकरच्या वायरींना सेल टेकवला की कागद किंचित पुढे येतो. सेल उलटा टेकवला की मागे जातो.

दोन्ही स्पीकर त्याच जुन्या वायरींनी एकमेकांना जोडलेले होते. मी ते भिंतीला टेकवून शेजारी शेजारी उभे केले आणि मोकळ्या टोकांना सेल लावला. दोघांतूनही खट् असा आवाज आला, म्हणजे जीव होता. पण डावा कागद पुढे आला आणि उजवा मागे गेला.

मला वाटलं, माझंच बघण्यात चुकलं. परत लावला. डावा पुढे, उजवा मागे. सेल उलटा केला. डावा मागे, उजवा पुढे.

एका खोक्यातल्या दोन स्पीकरांनी एकाच वेळी पुढे यायचं असतं आणि एकाच वेळी मागे जायचं असतं. एक पुढे आणि एक मागे गेला, तर एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. जाड आवाज आपसातच फिटून जातो. उरतो तो वरचा, पातळ, थोडा पोकळ आवाज. मी गॅलरीत फरशीवर बसले. हाच तर माझ्या नवऱ्याचा आवाज होता. सव्वीस वर्षं लोक त्याला म्हणत होते, गिटार अशी वेगळी कशी हो लागते तुमची. त्या पातळ आवाजाच्या खाली दादाचा बास मोकळा चालायचा आणि दोघांच्या मधून डॉक्टरीणबाई गायची. आम्ही चार शनिवार दुकान पालथं घातलं आणि उत्तर गॅलरीत जुन्या चपलांच्या शेजारी पडलेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

कुठे उलटं झालंय ते बघायला मी वायरी हातात घेतल्या. एक लाल, एक हिरवी, दादाच्या दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतल्या. डाव्या स्पीकरच्या अधिकच्या टोकावर लाल वायर होती आणि तिला सोल्डरच्या बोटभर अलीकडे एक छोटी गाठ मारलेली होती. उजव्या स्पीकरच्या अधिकच्या टोकावर हिरवी होती. गाठ तिला होती.

ती गाठ बघितली आणि मला कळलं.

दादाला लाल आणि हिरवा सारखेच दिसायचे. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, त्याला आणि मला. पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं, आणि ज्याला वायरीचा रंग कळत नाही त्याच्या हातात आपला मिक्सर कोण देईल? म्हणून शाळा सुटली की मी दुकानात जाऊन बसायचे. गिऱ्हाईक समोर असलं तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. मी वायरी सोलून त्याच्यापुढे धरायचे, लाल उजव्या हातात, हिरवी डाव्या हातात. तो उजव्या हातातली आधी घ्यायचा आणि तिला गाठ मारायचा. त्यानंतर रंगाचं काम संपलं. गाठ म्हणजे लाल. लोक म्हणायचे, बहीण भावाला किती मदत करते बघा. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि लग्न होईपर्यंत हे करत राहिले.

म्हणजे, लग्नाच्या पाच आठवडे आधीपर्यंत.

दादाला माझं लग्न पसंत नव्हतं. मुलगा त्याच्याच बँडमधला, त्याचाच मित्र, तरी नव्हतं. दुकानात पंख्याची मोटर उघडून बसला होता, मान वर न करता म्हणाला, "तो सुरात आहे, पण वेळेत नाही. कुठेही अर्धा तास उशिरा येतो. तू जन्मभर वाट बघत बसशील." यात खोटं काही नव्हतं, ते आता मी लिहून देईन. पण तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं.

"तुला धड लाल-हिरवं कळत नाही," मी म्हटलं, "तुला माणसं काय कळणार?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. त्याने पंख्याची मोटर जोडली, बटण दाबलं आणि पातं फिरताना बघत राहिला. मी निघून आले. त्यानंतर पाच आठवडे मी दुकानाची पायरी चढले नाही आणि तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तो हा खोका घेऊन आला. एकट्याने उचलून आणला होता, घामाने शर्ट भिजला होता. "त्याच्यासाठी आहे," म्हणाला, "वेळेवर आला तर." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "नीट वाजतो. मी तपासलाय." मी नुसती मान हलवली. पुढे आम्ही बोलायला लागलो, भांडायलाही लागलो, सगळं पूर्वीसारखं झालं. त्या वाक्याचा विषय मात्र पुन्हा कधी निघाला नाही. त्याने काढला नाही आणि मी माफी मागितली नाही. दोन वर्षांपूर्वी दुकानातच, हातात स्क्रूड्रायव्हर असताना, तो गेला.

आणि आता मी गॅलरीत बसून मोठमोठ्याने त्याच्यावर चिडत होते. अरे, एक निरोप पाठवला असतास. शेजारच्या किराणावाल्याला विचारलं असतंस, यातली लाल कुठली. पण तो विचारणार नव्हता, आणि का विचारणार नव्हता ते मला माहीत होतं. एका टोकाला अंदाज बरोबर निघाला, दुसऱ्या टोकाला चुकला. समोर हात धरायला मी नव्हते. मला रडू फुटलं. पाचएक मिनिटं मी जुन्या चपलांच्या शेजारी बसून रडले, मग नाक पुसलं, कारण सहा वाजता नवरा येणार होता, म्हणजे साडेसहाला.

दादाचं सोल्डरचं सामान त्याच्यामागे माझ्याकडे आलं होतं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मी खोक्याची मागची फळी उघडली. मेकॅनिकच्या लाल-काळ्या वायरी काढल्या. काम त्याने चोख केलं होतं, त्याची काही चूक नव्हती. जुन्या स्पीकरांवरून दादाच्या वायरी सोडवल्या आणि नव्या जोडीला लावायला घेतल्या. गाठीचं टोक अधिकला, साधं टोक उण्याला. दोन्ही स्पीकरना तसंच. रंगाकडे मी बघितलं नाही. जसं त्याने जोडलं होतं, तसं जोडलं.

साडेसहाला नवरा आला. मी म्हटलं, जरा गिटार लाव. तो म्हणाला, कशाला आता. मी म्हटलं, मी सांगते म्हणून. कपाळाला आठ्या घालून, बूटही न काढता त्याने वायर खुपसली आणि तार छेडली.

त्याने या वेळी डोळे मिटले नाहीत. गिटारकडे बघितलं, मग खोक्याकडे, मग माझ्याकडे. परत तार छेडली. मग खुर्चीवर बसला आणि एक अख्खं गाणं वाजवलं, आणि मधेच सवयीने डावीकडे बघितलं, जिथे दादा उभा असायचा. तिथे आमचा फ्रिज आहे.

"काय केलंस तू?" त्याने विचारलं.

"दादाने जशा जोडल्या होत्या तशा वायरी जोडल्या."

"म्हणजे स्पीकर बरोबर होते?"

"पहिल्या दिवसापासून."

त्याने वही काढून तिन्ही पानांकडे बघितलं आणि ती मुकाट्याने परत खिशात ठेवली. चार शनिवारांचं उट्टं काढायला एवढं मला पुरलं.

शनिवारी तालमीला आम्ही दहा मिनिटं लवकर पोचलो. असं कधी होत नाही. पहिलं गाणं झालं तेव्हा कुणीच हात वर केला नाही. दुसरं झालं. नवा स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाला की आज परत पहिल्यासारखा त्याला स्वतःचा बास नीट ऐकू येतोय. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि फक्त मान हलवली. कीबोर्डवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

मधल्या चहाला नवऱ्याने खोक्याची मागची फळी काढली. आपण इतके दिवस कुठे चुकलो हे त्याला बघायचंच होतं, काटे तपासणाऱ्या माणसाची ती खोडच आहे. तो गुडघ्यावर बसून आत बघत होता आणि मी शेजारी स्क्रू हातात घेऊन उभी होते. मला वाटलं, आता कळणार. एकीकडे गाठ लालला, दुसरीकडे हिरवीला, कुणाच्याही लक्षात येईल. त्याने बोट आत घातलं आणि हिरव्या वायरीवर ठेवलं.

"ही गाठ कसली?"

"दादाची खूण असायची. कुठलं टोक कुठे जातं त्याची."

"बघ," तो नव्याकडे वळून म्हणाला, "याला म्हणतात काम. सव्वीस वर्षं वाजवतोय मी, या माणसाची एक चूक सापडली नाही मला." मग मला म्हणाला, "नाही का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"गाठ कापून टाकू? मोठ्या आवाजात खडखडेल."

"इतकी वर्षं खडखडली नाही. राहू दे."

त्याने फळी जागेवर लावली आणि न बघता हात मागे केला. मी उजव्या हाताने एकेक स्क्रू त्याच्या हातात देत गेले.